सेंच्युरियन रणगाड्याचं मॉडेल पहिल्यांदा बांधताना

डबा उघडला की बहुतेकांचा हात आधी तोफेकडे जातो. साहजिक आहे, रणगाडा म्हटलं की तोफच डोळ्यांसमोर येते. पण पहिल्या दिवशी काहीच जोडू नका. आधी गाडी ठरवा. नुसता ‘एक रणगाडा’ नको. कोणत्या रेजिमेंटचा, कोणत्या सालचा, कुठे उभा असलेला, हे ठरलेलं हवं. ते ठरलं की पुढचे कितीतरी प्रश्न आपोआप सुटतात. चिखलाचा रंग कोणता, रंग कुठे खरवडला जाईल, गाडीवर सामान काय बांधलेलं असेल, नाव कुठे लिहायचं. हे न ठरवता बांधलेलं मॉडेल कितीही स्वच्छ जोडलेलं असलं तरी खेळण्यासारखं दिसतं.

या लेखासाठी मी सेंच्युरियन घेतला आहे. गाडी ब्रिटिश. पहिल्या काही गाड्या १९४५ च्या मे महिन्यात युरोपात पोचल्या, पण तोवर तिथलं युद्ध संपलं होतं. आपल्या सैन्यात हा रणगाडा १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत लढला, आणि त्यातल्या एका रेजिमेंटचं नातं थेट पुण्याशी आहे. १७ हॉर्स, म्हणजेच पूना हॉर्स. हिचं मूळ १८१७ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळात आहे. १९६५ मध्ये तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल आर्देशिर बुर्झोरजी तारापोर फिलोरा आणि चाविंडाच्या लढायांत सेंच्युरियनमधून लढले आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म मुंबईचा, शाळा पुण्यातली. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेली गाडी न सोडता लढत राहिले. वय २१, जन्म पुण्याचा. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. खेत्रपालांच्या गाडीचं नाव ‘फामागुस्ता’. आपण बांधणार आहोत तो त्या जातीचा सेंच्युरियन.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथे आर्मर्ड कोअरचं, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाचं, केंद्र आहे आणि तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. सेंच्युरियन, विजयंता, शर्मन, पॅटन, सगळे हाताच्या अंतरावर उभे आहेत. किट विकत घेण्याआधी एकदा जाऊन या. फोटोंची परवानगी तिथे विचारून घ्या; नसेल तर वही न्या आणि चित्र काढा. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. संग्रहालयातल्या गाड्यांना वर्षानुवर्षं नवे रंग चढत असतात. तिथून आकार घ्या, वेल्डिंग घ्या, पत्र्याची जाडी घ्या. रंगाची छटा आणि खुणा मात्र त्या काळच्या फोटोंवरून ठरवा.

स्केल आणि किट

रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सगळ्यात रुळलेलं स्केल १/३५. याची गोष्ट गमतीची आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार त्यांनी घेतला, आणि मोजल्यावर तो साधारण १/३५ भरला. तोच पुढे जगभर रुळला. घरात जागा कमी असेल तर १/७२ आहे, पण पहिल्यांदा बांधणाऱ्याने १/३५ च घ्यावं. भाग चिमट्यात नीट धरता येतात आणि चूक झाली तर दुरुस्त करायला जागा असते.

या स्केलमध्ये १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे साडेतीन सेंटिमीटर. हे गणित डोक्यात पक्कं बसवा, पुढे पावलोपावली लागेल. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे मॉडेल जवळजवळ १० सेंटिमीटर रुंद. उंची तीन मीटरच्या आसपास, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर. शेजारी उभा केलेला माणूस पाच सेंटिमीटरला किंचित कमी.

किटच्या बाबतीत दोन वाटा आहेत. टामियाचा सेंच्युरियन मार्क ३ (मार्क म्हणजे गाडीची आवृत्ती) हा जुना किट आहे. भाग कमी, बसतात नीट. एएफव्ही क्लबचे सेंच्युरियन नंतरचे. तपशील भरपूर, पण बारीक भागही भरपूर. याआधी एकही किट बांधला नसेल तर टामिया घ्या. पूना हॉर्सच्या गाड्या मार्क ७ होत्या, त्यामुळे मार्क ३ मध्ये काही फरक राहतील. सगळ्यात ठळक फरक तोफेवर दिसतो. मार्क ७ च्या नळीवर मध्यावर एक फुगवटा आहे, तो मार्क ३ वर नाही. तो आपण बनवू. इंजिनावरची झाकणंही वेगळी आहेत, पण त्या दुरुस्तीत पहिल्या मॉडेलला हात घालू नका. तेवढ्यावरच महिना जातो आणि किट अर्धवट राहतो. माझ्या कपाटात असा एक अर्धवट पडून आहे.

टेबल आणि हत्यारं

लागतं त्यातलं निम्मं घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर. बारीक कानशींचा संच. टोकदार चिमटा. हॉबी नाइफ आणि जादा पाती. चांगला साइड कटर मात्र हॉबीच्या दुकानातूनच घ्या, एका बाजूने सपाट कापणारा. इलेक्ट्रिशियनचा पक्कड-कटर प्लास्टिक चिरडतो. जोडायला प्लास्टिक सिमेंट, पातळ, झाकणाला ब्रश असलेलं. फेविक्विक फक्त धातू किंवा तार प्लास्टिकला चिकटवताना वापरा. भेगा बुजवायला मॉडेलची पुट्टी. गॅरेजमध्ये डेंटिंगवाले जी ‘लांबी’ भरतात तीही चालते, पण अगदी पातळ थर द्या. जाड थरातलं थिनर प्लास्टिक मऊ करतं.

हे सिमेंट गोंदासारखं चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही कडा वितळून एक होतात, म्हणजे खरं तर वेल्डिंगच. म्हणून रंगवलेल्या पृष्ठभागावर ते धरत नाही आणि वाफाही जोरकस असतात. खिडकी उघडी ठेवून बसा. वॉटर पेपर नेहमी ओला करून घासा, म्हणजे प्लास्टिकची पूड श्वासात जाणार नाही.

किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले येतात त्या सगळ्या फ्रेम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन, निथळून, पंख्याखाली वाळवा. साच्यातून निघताना लागलेलं तेल राहिलं तर रंग नंतर पापुद्र्यासारखा सुटतो.

कापणं आणि साफ करणं

भाग फ्रेमपासून एका झटक्यात मुळाशी कापू नका. आधी दोन-तीन मिलिमीटर देठ ठेवून कापा, मग उरलेला देठ सपाट बाजूने कापा, आणि राहिलेला उंचवटा पात्याने खरवडून ६०० च्या पेपरने घासा. मुळाशी कापलं की प्लास्टिक आत ओढलं जातं आणि पांढरा खड्डा पडतो.

प्रत्येक भागावर साच्याची शिवण असते, दोन साचे जिथे मिळतात तिथली बारीक रेघ. उजेडात तिरपा धरून बघा. पातं उभं धरून, आपल्याकडे ओढत, हलक्या हाताने खरवडा. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा जागी जोडचाकं आहेत, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २४ चाकं, शिवाय पुढचं आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक), मागचं स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) आणि वरचे रोलर. प्रत्येकाच्या रबरावर शिवण. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं, पण टाळू नका. चाक टूथपिकवर घट्ट बसवा, पेपरची पट्टी बोटावर गुंडाळा आणि टूथपिक फिरवत घासा. चार संध्याकाळी ठेवा यासाठी, रेडिओ लावून.

खालचा सांगाडा आणि चाकं

बांधायला सुरुवात खालून. सेंच्युरियनची चाकं हॉर्स्टमन पद्धतीच्या सस्पेन्शनवर आहेत. दोन चाकांची एक जोडी, त्यांच्या मध्ये आडव्या स्प्रिंगा, अशा प्रत्येक बाजूला तीन जोड्या. खऱ्या गाडीत या स्प्रिंगांवर ५० टनांपेक्षा जास्त वजन असतं. मॉडेलमध्ये काम एकच: सगळी चाकं जमिनीला टेकली पाहिजेत.

त्यासाठी काचेचा तुकडा घ्या, जुन्या फोटोफ्रेमची चालेल. सस्पेन्शनचे भाग सिमेंटने लावले की सिमेंट ओलं असतानाच चाकं न चिकटवता नुसती अडकवा, सांगाडा काचेवर ठेवा आणि समोरून, मग मागून, डोळा काचेच्या पातळीवर आणून बघा. एखादं चाक अधांतरी दिसलं तर तिथे हलका दाब द्या. मग सांगाड्यावर वजन, मी पितळी वजनं ठेवतो, आणि रात्रभर हात लावू नका. माझ्या पहिल्या गाडीत मी हे केलं नाही. चाकांभोवतीचे पट्टे चढवल्यावर दिसलं की मागचं एक चाक हवेत आहे, आणि तोवर सगळं पक्कं झालं होतं. ती गाडी आजही शेल्फवर किंचित तिरपी उभी आहे.

जोड देताना घाई करू नका. दोन भाग कोरडे एकमेकांवर धरा, फट कुठे आहे बघा, मग सिमेंटचा ब्रश सांध्याला फक्त टेकवा. पातळ सिमेंट सांध्यातून स्वतः पळत जातं. ते पळताना दिसतं, ओली चकाकी रेघेबरोबर सरकत जाते. मग दोन्ही भाग जरा दाबा. वितळलेल्या प्लास्टिकची केसाएवढी गाठ सांध्यातून वर येते. ती आली म्हणजे जोड भरला. तिला तेव्हा बोट लावू नका. ठसा उमटतो आणि कायमचा राहतो. दुसऱ्या दिवशी ती कडक झाली की पात्याने खरवडून सपाट करा. सांधा दिसेनासा होतो.

पट्टे रंगवून मग चढवायचे, म्हणून आत्ता बाजूला ठेवा. बाजूच्या लांब पत्र्यांचंही तसंच. हे पत्रे सेंच्युरियनची ओळख आहेत, पण खऱ्या गाडीवर ते अगदी पातळ असतात आणि किटमध्ये जवळजवळ मिलिमीटरभर जाड. म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटर. आतल्या बाजूने खालची कड तिरपी घासत न्या, म्हणजे बाहेरून बघताना कड पातळ दिसते. एखादा पत्रा काढून टाकलात तरी चालेल. रणांगणावर असे निखळलेले पत्रे फोटोंत दिसतात, आणि आतलं सस्पेन्शनही मग दिसतं.

तोफ आणि टरेट

तोफ २० पाउंडर, कॅलिबर ८४ मिलिमीटर. ३५ ने भागलं की तोंडाचं भोक २.४ मिलिमीटर. किटची नळी दोन अर्ध्या भागांची असेल तर जोडून पूर्ण वाळू द्या, मग शिवण गोल राखत घासा. एका जागी घासलं तर तिथे सपाट पट्टा पडतो. पेपर बूट पुसताना कापड धरतात तसा दोन्ही हातांत धरून, नळीभोवती गुंडाळून मागेपुढे ओढा. तोंडाचं भोक आधी सुईने मध्यबिंदूवर टोचा, मग हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने हळूहळू मोठं करत न्या.

आता फुगवटा. याला फ्यूम एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. गोळा सुटल्यावर नळीत उरलेला धूर टरेटमध्ये, म्हणजे तोफेसकट फिरणाऱ्या वरच्या भागात, माणसांच्या तोंडावर येऊ नये, तो पुढेच बाहेर जावा, म्हणून ही पोकळ नळकांडी. बनवायला मास्किंग टेपची सरळ पट्टी कापा, रुंदी फोटोवरून मोजून, आणि नळीभोवती घट्ट, कडा एकावर एक येतील अशी गुंडाळत जा. हवी तेवढी जाडी झाली की फेविक्विकचा एक थेंब शेवटच्या कडेला आणि पातळ थर सगळ्या टेपवर. वाळल्यावर ती प्लास्टिकसारखी कडक होते. मग पुट्टीचा थर, घासणं, पुन्हा पुट्टी. दोन्ही टोकांना उतार द्या.

टरेटचं मुख्य अंग ओतीव पोलादाचं आहे, छत वेल्ड केलेल्या पत्र्याचं. ओतीव पोलाद खडबडीत असतं आणि किटचं प्लास्टिक गुळगुळीत. नगरला टरेटवरून नजर फिरवलीत तर हा खडबडीतपणा दिसतो. मॉडेलवर तो आणायला पातळ सिमेंट तळव्याएवढ्या नव्हे, नखाएवढ्या भागावर लावा, पाच-सहा सेकंद थांबा आणि झिजलेल्या कडक ब्रशने उभं टोचत जा. मग पुढचा नखाएवढा भाग. छतावर आणि खालच्या हलवर, म्हणजे गाडीच्या मुख्य धडावर, हे करू नका, तिथे लाटलेला सपाट पत्रा आहे. दोन्हींतला हा फरक रंगानंतर आपोआप उठून दिसतो.

तोफेच्या मुळाशी, टरेटच्या पुढ्यात, कॅनव्हासचं आवरण असतं. ते एम-सीलने करा. दोन्ही भाग मळून पातळ पोळी लाटा, चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर लावा, जागेवर बसवा आणि ओल्या टूथपिकने सुरकुत्या द्या. सुरकुत्या नळीकडून बाहेरच्या खिळ्यांकडे जातात, कापड ताणलं जाईल तशा. एम-सील अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, तेव्हा थोडंथोडं मळा.

हाताने करायचे तपशील

इथे मन रमतं, आणि इथेच अतिरेक होतो. प्रत्येक गोष्ट लावण्याआधी गणित करा.

किटमधले हँडल बहुधा एक मिलिमीटर जाड असतात. खरा माणूस साडेतीन सेंटिमीटर जाडीचं हँडल पकडत नाही. जुन्या वायरची साल काढा, आतल्या तांब्याच्या तारांपैकी ०.४ मिलिमीटरची निवडा. म्हणजे खऱ्या गाडीवर १४ मिलिमीटर, अगदी बरोबर. दोन भोकं पाडा, तार चिमट्याने वाकवा, फेविक्विक. टो केबलसाठी, म्हणजे गाडी ओढायच्या दोरखंडासाठी, अशाच तारा एकत्र पिळा; ड्रिलमध्ये एक टोक धरून दुसरं पक्कडीत धरलं की पीळ सारखा येतो. आधी गॅसवर जरा लाल तापवून थंड केलेली तार मऊ होते आणि गाडीच्या अंगावर नीट लोळते.

अँटेना फ्रेमच्या प्लास्टिकपासून ओढून करायची. फ्रेमचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा घ्या. निरांजनाच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, दोन बोटं वर आडवा धरा आणि फिरवत राहा. आधी काही होत नाही. मग मधला भाग चमकायला लागतो, किंचित लवतो. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घ्या आणि मग ओढा. सावकाश ओढलं तर जाड दोरा, झटकन ओढलं तर केसासारखा. दहा सेकंद ताणून धरा म्हणजे सरळ थंड होतो. पहिले पाच-सहा तुटतील. फ्रेमचं प्लास्टिक भरपूर असतं. हाच दोरा सिमेंटने मऊ करून, सांध्यावर ठेवून, पात्याच्या पाठीने जवळजवळ टोचे मारले की वेल्डिंगची रेघ होते.

ताडपत्री आणि अंथरुणाच्या वळकट्यांसाठी टिश्यू पेपर, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. कॅमफ्लाजच्या जाळीला मेडिकलमधली गॉज बँडेज, तीही फेविकॉलच्या पाण्यातून काढून, चुरगळून. बांधायचे पट्टे मास्किंग टेपच्या एक मिलिमीटर पट्ट्यांचे. सामान ठेवताना विचार करा की ते धावत्या गाडीवरून पडेल का. पट्टा कुठे अडकवलाय? टरेट फिरलं तर वळकटी कशाला घासेल? चालकाची जागा पुढे उजवीकडे आहे, त्याच्या झाकणावर काही येता कामा नये.

रंग

आधी प्रायमर, करडा. त्यात राहिलेल्या शिवणी आणि खड्डे उघडे पडतात. परत पुट्टी, परत घासणं. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे वापरायचा असेल तर आधी उरलेल्या फ्रेमवर मारून बघा, काही स्प्रे प्लास्टिक खातात.

मुंबई-कोकणात राहणाऱ्यांसाठी खास सांगतो: जून ते सप्टेंबर लॅकर जातीचा स्प्रे जपून. हवेतला दमटपणा ओल्या रंगात अडकतो आणि वर पांढुरकी साय धरते. मॅट वार्निशला तर फारच. पावसाळ्यात बांधा आणि घासा, रंग उघडीप बघून द्या; नाहीतर पाण्यातले ॲक्रिलिक ब्रशने लावा. ब्रशचं काम कमी प्रतीचं नसतं. रंग दुधाइतका पातळ करा, रुंद मऊ ब्रश, दोन-तीन थर, आणि वाळायच्या आत परत त्याच जागी ब्रश फिरवू नका.

मूळ रंग गडद हिरवा. डबीतला तसाच लावला तर लहान गाडीवर तो फार काळपट दिसतो, कारण मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो आणि खरी गाडी मैदानात लांबून. म्हणून त्यात थोडा पिवळसर खाकी मिसळून एक पायरी उजळा. दुसऱ्या थरात आणखी उजळलेली छटा फक्त आडव्या, ऊन लागणाऱ्या पत्र्यांच्या मध्यावर.

चाकांचं रबर निव्वळ काळं नको, गडद करडं. पट्टे वेगळे रंगवा, गडद तपकिरी-करडे. चालत्या गाडीचे पट्टे तांबडे गंजलेले नसतात. जमिनीवर घासून उंचवटे चकचकीत होतात आणि खाचांत धूळ बसते. रंग वाळल्यावर ६ बी पेन्सिल आडवी धरून उंचवट्यांवर घासा, पोलाद दिसायला लागतं. सेंच्युरियनचा पट्टा वरच्या बाजूला रोलरवरून जातो, त्यामुळे सोव्हिएत टी-५५ रणगाड्यासारखा तो चाकांवर लोळत नाही. तसा लोळवू नका.

नाव आणि खुणा

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावायच्या जागेवर आधी चकचकीत वार्निश. मॅट रंगावर लावलं तर खाली हवा राहते आणि डिकॅल चंदेरी दिसतं. कोमट पाण्यात सुटेपर्यंत ठेवा, सरकवून बसवा, कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढा. भारतीय सेंच्युरियनच्या खुणा किटमध्ये सहसा नसतात. सैन्याच्या वाहनक्रमांकात वर टोक केलेला बाण असतो, तो विसरू नका. घरच्या प्रिंटरवर डिकॅल पेपर वापरता येतो, पण साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. म्हणून पांढऱ्या अक्षरांसाठी मास्किंग टेपवर अक्षरं कोरून स्टेन्सिल करा आणि स्पंजने कोरडा पांढरा टोचा. ‘फामागुस्ता’ रोमन लिपीत नऊ अक्षरं आहेत, मी ती कोरायला दोन संध्याकाळी घेतल्या. जागा आणि आकार फोटोवरून ठरवा, अंदाजाने नको. हे एका माणसाच्या गाडीचं नाव आहे.

वापर आणि माती

पुन्हा वार्निशचा थर, २४ तास वाळवा, मग वॉश. कॅमलिनचा तैलरंग, बर्न्ट अंबर, त्यात कणभर काळा, आणि टर्पेंटाइन. चहासारखा पातळ. बारीक ब्रशने फक्त सांधे, खिळे, झाकणांच्या कडा यांना टेकवा. तो आपणच रेघेतून पळतो. पसरलेला भाग अर्ध्या तासाने स्वच्छ टर्पेंटाइनच्या जेमतेम ओल्या ब्रशने, वरून खाली, पाऊस उतरेल त्या दिशेने पुसून घ्या.

खरवडलेल्या जागा दाखवताना प्रत्येक ओरखड्याला कारण हवं. चालक गाडीवर चढतो ती पुढची कड, झाकणांचे काठ, सामान ओढून काढताना घासला जाणारा टरेटचा भाग, झुडपांतून जाताना बाजूचे पत्रे. स्पंजचा कपटा गडद तपकिरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि टोचा. चंदेरी रंग वापरू नका. आणि माप लक्षात ठेवा: तीन मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या गाडीवर दहा सेंटिमीटरचं ठिगळ. गंज कुठे? मागच्या बाजूला पट्ट्यांवरच्या पत्र्यावर दोन एक्झॉस्ट आहेत. आतलं मीटिऑर इंजिन ६५० अश्वशक्तीचं, विमानाच्या मर्लिन इंजिनापासून घडवलेलं. त्याच्या उष्णतेने एक्झॉस्टचा रंग जळतो आणि तांबडा गंज तिथेच शोभतो. तोंडाशी काजळी.

मातीत अनेक चांगली मॉडेलं फसतात. आपल्या हाताशी कोकणातली तांबडी किंवा देशावरची काळी माती असते, आणि तीच गाडीवर चढते. बसंतरची लढाई झाली तो शकरगडचा भाग पंजाबच्या गाळाच्या मैदानात आहे. माती फिकट, करडी-तपकिरी. डिसेंबरची कोरडी धूळ वर, आणि नदी ओलांडली म्हणून खालच्या भागात ओल. कोरड्या धुळीसाठी खाकी, करड्या आणि पांढऱ्या सॉफ्ट पेस्टल कांड्या वॉटर पेपरवर घासून पूड करा, मिसळा आणि मऊ ब्रशने खाचांत बसवा; टर्पेंटाइनचा एक थेंब सोडला की ती धरते. रांगोळी यासाठी वापरू नका, दाणा फार मोठा आहे. चिखलाला प्लास्टर ऑफ पॅरिस, तीच पूड आणि फेविकॉलचं पाणी. चाकांच्या मागे, सस्पेन्शनच्या खोबणीत, पत्र्यांच्या आतल्या बाजूला जाड, आणि वर जाल तसा विरळ. चाकाच्या ज्या भागावरून पट्टा सतत जातो तिथे चिखल टिकत नाही, तो भाग पुसून मोकळा ठेवा. ओल्या जागी, अगदी खाली, शेवटी थोडं चकचकीत वार्निश.

गाडीला तळ द्यायचा असेल तर प्लायवर हाच चिखल, जरा जाड, आणि ओला असताना पट्ट्यांचे ठसे उमटवा. गाडी त्याच ठशांवर बसवा. वाळलेली चहापूड पाचोळ्यासारखी दिसते.

पट्टे, बाजूचे पत्रे, टो केबल, हे सगळं बसलं की अँटेना. ती सगळ्यात शेवटी, कारण हाताची बाही लागून पहिली तीच मोडते. ओढून ठेवलेल्या दोऱ्यांतले दोन-तीन जादा, फ्रेमवरच्या टेपला चिकटवून, डब्यात जपून ठेवा.